डी-1

पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला की मी आधी त्यातली संदर्भांची यादी बघते. तुमचा शोध नवा नाही हे दाखवायला परीक्षक जे जुने कागद पुढे करतात, ते डी-1, डी-2. त्या दिवशी डी-1समोर माझंच नाव होतं. माहेरचं.

कोल्हापुरात मी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर पीएचडी केली. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, थर बसला की त्यावर वायू सोडून रोध मोजायचा. पुढे पेटंट एजंटची परीक्षा दिली. तिला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची लागते. सासरी अजून सगळ्यांना वाटतं मी वकील आहे. मीही बोलत नाही.

अशील म्हणजे पुण्यातली दोन पोरं. असे वायू सेन्सर दोन-तीनशे अंशांवर तापवावे लागतात, त्यात बॅटरी संपते. यांनी हीटर काढून अतिनील एलईडी लावला होता. एलईडी क्षणभर लावायचा, विझवायचा, आणि अंधारात थरातला विजेचा प्रवाह किती वेगाने उतरतो त्यावरून वायू ओळखायचा.

परीक्षकाने डी-1चं, म्हणजे माझ्या पीएचडीच्या वेळच्या पेपरचं, शेवटचं वाक्य उचललं होतं: अतिनील प्रकाशाच्या मदतीने हा सेन्सर खोलीच्या तापमानालाही चालू शकेल. डी-2मध्ये लुकलुकणारा एलईडी. दोन्ही जोडा, म्हणजे पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए)खाली त्या विषयातल्या कुशल माणसाला हे उघडच होतं.

त्या वाक्यामागे माझं एकही रीडिंग नव्हतं. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तसलं ते वाक्य.

पोरांना फोन करून सगळं सांगितलं. धाकटा म्हणाला, "मग मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना, मला तसं म्हणायचं नव्हतं म्हणून!" त्याला समजावताना माझीच दमछाक झाली. लेखिकेच्या मनात काय होतं याला इथे किंमत शून्य. वाचणाऱ्याला कागदावरून काय कळतं, तेवढंच धरतात.

त्या रात्री, तब्बल अकरा वर्षांनी, स्वतःचा पेपर वाचायला घेतला, विरुद्ध पक्षाचा म्हणून. पान चारवर एक तक्रार सापडली: प्रकाश बंद केल्यावर प्रवाह तासन्‌तास मूळपदावर येत नाही, त्यामुळे उपकरणासाठी हा परिणाम अडचणीचा आहे. आणि पोरांनी नेमका तो रेंगाळणारा उतारच मोजला होता! डी-1 वाचणारा त्या वाटेला जाणारच नाही, असं उत्तर लिहिलं.

हिअरिंग व्हिडिओवर झालं. पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या कंट्रोलरसाहेबांनी दोन्ही वाक्यं वाचली. "पान चारवर अडचण, शेवटी शक्यता. या बाईंना नक्की म्हणायचंय तरी काय?"

जीभ चावली. "कागदावर आहे तेवढंच, सर."

मुख्य दाव्यात, म्हणजे पेटंटने नेमकं काय राखायचं ते सांगणाऱ्या वाक्यात, 'फक्त अंधाराच्या काळात' हे शब्द घालायला त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं दिलं, पुढे पेटंट मिळालं. पोरांना हवं होतं त्यापेक्षा बरंच अरुंद. थोरला अजून कुरकुरतो.

हिअरिंगच्या संध्याकाळी गाइड सरांना फोन केला. ते खो-खो हसले. "अगं, ते शेवटचं वाक्य तुझं कुठलं? पेपर तपासणाऱ्या रेफरीला 'पुढे काय' लागतं म्हणून मीच घातलं होतं."