एक रात्र, दोन फेऱ्या

जंगल सफारीच्या हिशोबात रात्र धरलेलीच नसते. पत्रकावर 'दोन दिवस, एक रात्र, दोन सफारी' असं छापलेलं असतं खरं, पण त्यातली रात्र म्हणजे दुपारच्या फेरीनंतर अंग टाकायची आणि पहाटेच्या फेरीला उठायची, यांच्यामधली फट. एक फेरी साडेतीन तासांची, दुसरी जरा जास्त. एवढी सुट्टी काढून, एवढा प्रवास करून हाती येतात ते जेमतेम सात-आठ तास. बाकी सगळं गादी, उशी आणि मच्छरदाणी.

ताईने या सात तासांची आखणी मिनिटावर केली होती. तिला वाघ बघायचा होता. "एकच बघायचाय गं, जास्त नको," असं ती इतक्या समजूतदारपणे म्हणायची, की एक वाघ दाखवणं म्हणजे जंगल खात्याला फार जड जाऊ नये असं वाटावं. कपड्यांचा नियमही तिने पाठ केला होता: भडक रंग नकोत, अत्तर नको. त्यामुळे आम्ही दोघी शेवाळाच्या रंगात उतरलो. माझी केशरी ओढणी तिने घरीच बॅगेतून काढून टाकली होती. खरं तर हरणांना केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. म्हणूनच तर तो एवढा भगभगीत वाघ गवतात बसला की त्यांना गवतासारखाच दिसतो. माझी ओढणीही त्यांना पानासारखीच दिसली असती. पण माकडांना आपल्यासारखेच रंग दिसतात, आणि ताईलाही.

लॉजच्या दारातच एक पांढरा फळा होता. 'आजचं साइटिंग' असं वर लिहिलेलं, खाली रकाने: तारीख, फाटक, प्राणी, संख्या. कालच्या तारखेसमोर 'वाघीण, ३ बछडे'. ताईने फळ्याचा फोटो काढला. सफारीतला तो आमचा पहिला फोटो.

'सफारी' हा शब्द स्वाहिली, अर्थ नुसता 'प्रवास'. त्याचं मूळ अरबीतलं 'सफर', आणि तीच सफर आपल्याकडे केव्हाची वेगळ्या वाटेने येऊन बसलेली आहे. एकाच आजीची दोन नातवंडं म्हणायची. पण स्वभाव बघा. सफरीला निघालेला माणूस वाटेत दिसेल ते बघतो, सफारीला निघालेला यादी घेऊन निघतो. पहिलं चितळ दिसलं तेव्हा आमच्या जीपमधले सगळे उभे राहिले. काय ते ठिपके, काय ते डोळे! चार कॅमेरे, सहा फोन. मग दुसरा कळप, मग तिसरा. अर्ध्या तासाने रस्त्याच्या अगदी कडेला एक देखणा नर पुढचे पाय झाडाला टेकवून उभा राहून पाला ओढत होता, आणि मागून कोणीतरी सुस्कारा टाकला, "चितळच आहे."

समोरून दुसरी जीप आली की दोन्ही ड्रायव्हर वेग कमी करतात. बोलणं जवळजवळ होतच नाही. एकाची भुवई वर जाते, दुसरा मान आडवी हलवतो, संपलं. भुवईच्या उत्तरात हात उठून एका दिशेला गेला, तर मात्र आपण पाठीचे मणके सांभाळायचे.

आमच्या वाट्याला तसा हात एकदाच आला. वळणावर गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि गाईडदादांनी तळहात उचलला. तोपर्यंत जंगल म्हणजे डिझेलची घरघर होती. आता तापलेलं इंजिन निवताना टक्-टक् करत होतं तेही ऐकू यायला लागलं. वर एका उंच झाडाच्या शेंड्याला वानर बसलं होतं, शेपूट सरळ खाली सोडून. ते आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. त्याची नजर नाल्याकडे होती, आणि थोड्या-थोड्या वेळाने ते खोकल्यासारखं ओरडत होतं. खाली चितळांचा कळप कान टवकारून त्याच दिशेला तोंड करून उभा.

वानर आणि चितळ यांची जुनी भागीदारी आहे. वानर वर बसून लांबचं बघतं, चितळ खाली राहून वास घेतं. वानर खाताना निम्मा पाला खाली सांडतं, तो चितळाला होतो. गाईडदादा कुजबुजले, "चितळ कशालाही ओरडतं, मॅडम. सांबर ओरडलं की समजायचं." म्हणून आम्ही सांबर ओरडायची वाट बघत बसलो. मी इतका वेळ कान देऊन बसल्याचं मला बारावीच्या निकालानंतर आठवत नाही. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी नेमका तेव्हाच पिशवीचा कागद सोडवायला घेतला. एका हाताने, हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून. तो कागद अठरा मिनिटं सुटत होता. सांबर काही ओरडलं नाही. वानर खाली उतरलं, चितळांनी माना खाली घातल्या, आणि सूर्य बुडायच्या आत फाटकाबाहेर पडायचं असल्यामुळे आम्ही ज्या वेगाने निघालो, त्या वेगात एखादा हत्तीही दिसला नसता.

फळ्यावर त्या संध्याकाळी आमच्या नावाने 'चितळ, वानर, रानडुक्कर, मोर' असं लिहिलं गेलं. संख्येच्या रकान्यात 'भरपूर'.

रात्री साडेनऊला अंगणातले दिवे मालवले. खोलीबाहेर पडायचं नाही, काही लागलं तर फोन करा, असं एक पोरगा दारोदारी सांगून गेला. खोलीला जाळी मारलेली छोटी ओसरी होती, तिथे बसायला हरकत नव्हती. ताईने पहाटेचा गजर लावला, खात्रीसाठी माझ्याही फोनवर लावला, आणि पाठ टेकता क्षणी झोपली. मी खुर्ची ओढून बाहेर बसले.

पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. काही म्हणजे काही नाही, जाळी कुठे संपते आणि रात्र कुठे सुरू होते तेही नाही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि मध्ये एकदा जरी फोन उघडून बघितला, तरी पाटी पुसली, पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा उघडला. एकदा किती वाजले ते बघायला, आणि एकदा दहा मिनिटांपूर्वी किती वाजले होते ते नक्की करायला. मग तो आत उशीखाली ठेवून आले.

डोळे कामाला लागेपर्यंत कानांनी दुकान मांडलं होतं. आधी सगळा आवाज एकसंध वाटतो, 'रातकिडे' या एका शब्दात गुंडाळून टाकण्यासारखा. मग त्यात थर दिसायला लागतात. एक अगदी पायाशी, करवतीसारखा. एक डावीकडच्या झुडपात, थांबून-थांबून. आणि मागे लांबवर सगळ्यांचा मिळून एक षड्ज. रातकिडे थंडीत सावकाश ओरडतात, उकाड्यात भराभर. डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन पदार्थविज्ञानवाल्याने १८९७ साली त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. प्रत्येक जातीचं गणित वेगळं, आणि इथे तर शेकडो जण एका वेळी बोलत होते, त्यामुळे माझं मोजणं अकरापर्यंत जाऊन फिसकटलं. पण मध्यरात्रीनंतर मी शाल ओढून घेतली, तेव्हा झुडपातल्या त्या एकाची लयही खरोखर उतरली होती.

मग रातवा सुरू झाला. रातवा दिसायला म्हणजे वाळक्या पानांची मूठ. दिवसा जमिनीवर बसलेला असतो, पावलापाशी असला तरी दिसत नाही. घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही, अंडी थेट जमिनीवर. पण त्याचा आवाज! फरशीवर टणक चेंडू सोडून द्यावा, आणि त्याच्या उड्या लहान लहान आणि जवळ जवळ होत जाव्यात, तसा. चक्... चक्.. चक्-चक्-चक्र्र्र. चेंडू थांबला असं वाटतं तोच कोणीतरी पुन्हा उचलून सोडतो. मी किती चेंडू ऐकले याला गणतीच नाही. मध्येच आतून एक घुरघुर आली, खोल, जवळची, दमदार. अंगावर सरसरून काटा आला. ती ताई होती.

रात्री आवाज लांबून येतो हा भास नाही. जमिनीलगतची हवा निवते, वरची तितकी निवत नाही, आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा जो आभाळात विरला असता, तो आपल्या ओसरीत उतरतो. वाघाची डरकाळी तीन किलोमीटरवरून ऐकू येते म्हणतात. मी तिचीच वाट बघत होते, उगाच नाही कशाला म्हणू. सफरीला बसून यादीच करत होते.

असं रात्रभर बसून राहायच्या धंद्याची एक नामांकित जागा केनियात होती. ॲबरडेअरच्या जंगलात १९३२ साली पाणवठ्यावरच्या एका झाडावर खोल्या बांधल्या, नाव 'ट्रीटॉप्स'. पाहुण्यांनी एक रात्र राहायचं आणि खाली पाण्यावर येतील ती जनावरं बघायची. ५ फेब्रुवारी १९५२ ला राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होती. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात तिचे वडील झोपेत गेले. म्हणजे शिडी चढली ती राजकन्या आणि उतरली ती राणी, आणि उतरतानाही तिला पत्ता नव्हता. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली ती ६ तारखेला, झाडावरून उतरून गेल्यावर. उतारवयात केनियात जाऊन राहिलेले जिम कॉर्बेट त्या मुक्कामी सोबत होते. आयुष्यभर पायाचे ठसे वाचलेला माणूस, पण हे त्यांनाही कुठे दिसणार? ते मूळचं ट्रीटॉप्स पुढे १९५४ साली जाळलं गेलं.

एकाच्या सुमारास लांबवर सांबर ओरडलं. 'पॉंक', एकदाच. जुन्या मोटारीचा रबरी भोंगा कोणीतरी दाबावा तसं. मी ताठ बसले. पुन्हा काही नाही.

आणि मग डावीकडचा, झुडपातला तो थांबून-थांबून ओरडणारा थांबला. थांबलाच. त्याच्या शेजारचे थांबले. आधी वाटलं, माझेच कान दमले, कारण लांबचा षड्ज चालूच होता. पण पुढच्या मिनिटात माझ्या अगदी समोरचे गप्प झाले, पायाशी करवत चालवणारासुद्धा, आणि डावीकडचे हळूच पुन्हा सुरू झाले. मग उजवीकडचे गप्प, समोरचे सुरू. शांततेचा एक तुकडा, असेल दहा-बारा पावलांचा, माझ्या डोळ्यांदेखत डावीकडून उजवीकडे चालत गेला. डोळ्यांदेखत कसलं म्हणा. मला काही दिसलं नाही. पान वाजलं नाही, वास आला नाही. फक्त कोणीतरी चाललं होतं, त्याला घाई नव्हती, आणि त्याच्या भोवती किडे तोंड मिटत होते. खोलीच्या कोपऱ्यापाशी तो तुकडा क्षणभर थांबला. मीही श्वास धरला, बहुधा मीही त्या किड्यांतलीच एक झाले होते. मग तो कोपऱ्यावरून मागे गेला आणि करवत पुन्हा चालू झाली.

ताईला उठवावं असं मनात आलं. पण उठवून दाखवणार काय?

पहाटे जीपमध्ये गाईडदादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साळिंदर असेल," म्हणाले. थोडं थांबून, "नाहीतर लॉजचं कुत्रं." ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोलले नाही.

सकाळची फेरी मी विस्ताराने सांगू शकत नाही, कारण तिच्या महत्त्वाच्या सहा सेकंदांत माझ्या जॅकेटची चेन शालीत अडकली होती. "तो बघ!" असं ताई ओरडली, म्हणजे तोंडावर हात ठेवून ओरडली, आणि मी मान वर करेपर्यंत समोर उंच गवत होतं आणि त्यातली एक रेघ हलत होती. सात जणांपैकी चौघांना दिसला. काहींना पाठ, एकाला तोंडही. ताईला शेपूट, पण संपूर्ण. फोटोत गवत आलं आहे, फार छान आलं आहे.

पुढे धुळीत ठसे सापडले. आमच्या आधी गेलेल्या जीपच्या चाकाची नक्षी मोडून त्यावर उमटलेले, म्हणजे ती जीप पुढे गेल्यावर तो रस्त्यात आला होता. चार बोटं, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही. मांजराच्या जातीची चाल अशीच, नखं मिटलेली. एका बोटाच्या खळग्यात मुंगी उतरली होती आणि तिला पलीकडच्या कडेने वर चढता येत नव्हतं. धूळ घसरायची, ती परत तळाला. सगळे ठशाशेजारी हाताचा पंजा ठेवून फोटो काढत होते. तिसऱ्या खेपेला ती चढली.

निघताना त्या पोराने फळा पुसायला घेतला होता. मार्कर हातात घेऊन त्याने विचारलं, "सकाळचं काय लिहू मॅडम?"

"वाघ," ताई म्हणाली. "संख्या एक."

त्याने लिहिलं. ताईने थोडा विचार केला. ती प्रामाणिक आहे. "कंसात 'शेपूट' लिही," म्हणाली. त्याने तेही लिहिलं.

"आणि तुमचं?"

"रातवा," मी म्हटलं.

त्याचा मार्कर रकान्यावर थबकला. "कोणत्या फाटकाला दिसला?"

"दिसला नाही," मी म्हटलं.

त्याने ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि 'रातवा' लिहून संख्येच्या जागी एक आडवी रेघ मारली.