ओटा, ट्रॉल्या आणि वायव्येची आग : आमची वाटचाल

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी रंग विचारत नाही, भाव विचारत नाही, दिशा विचारतं. ‘शेगडी आग्नेयेला येईल ना? मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहीन ना?’ धायरीच्या शेडमध्ये 1998 साली किचनच्या ट्रॉल्या बनवायला सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं, आपला संबंध 304 नंबरच्या स्टीलशी आणि ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनलशी. दिशा बघायला ज्योतिषी आहेत. दोन पावसाळ्यांत कळलं की पुण्यात ओट्याच्या मापाची टेप आणि होकायंत्र एकाच पिशवीत ठेवावं लागतं.

त्यात त्याच सुमारास फेंगशुई, म्हणजे चिन्यांचं वास्तुशास्त्र, आलं. लक्ष्मी रोडला तीन पायांचे बेडूक आणि हसरे बुद्ध मिळायला लागले. वास्तूवाले होतेच, आता पाच तत्त्वंवालेही आले. खरं सांगायचं तर किचनच्या बाबतीत दोघांचं निम्मं सारखंच आहे. शेगडी आणि सिंक शेजारी नको, दोघंही म्हणतात. ते म्हणतात आग आणि पाण्याचं वैर, मी म्हणतो तापलेल्या तेलात शिंतोडा उडाला की हात भाजतो. मध्ये किमान 2 फूट कोरडा ओटा हवाच, उतरवलेली कढई ठेवायची कुठे? जागाच नसेल तर फेंगशुईवाले मध्ये लाकूड सांगतात, कारण पाणी लाकडाला पोसतं आणि लाकूड आगीला. आम्ही तिथे भाजी चिरायच्या लाकडी पाटाची खाच काढून देतो. शास्त्रही खूश, बाईही खूश.

पण आरशाचं मात्र मला कधी पटलं नाही. फेंगशुईत स्वयंपाक करणाऱ्याची पाठ दाराकडे नको. आपल्या फ्लॅटमध्ये ओटा भिंतीला, म्हणजे पाठ दाराकडे येणारच. उपाय म्हणून शेगडीमागे आरसा लावायचा, मागून कोण आलं ते दिसावं आणि बर्नर दुप्पट दिसून बरकत वाढावी. सांगणाऱ्यांनी बहुतेक आपली फोडणी पाहिलेली नसते. साधा 4 मिमी आरसा शेगडीपासून वीतभर अंतरावर लावला की आठवड्यात तेलाने धुरकट होतो, आणि एका बाजूने तापून मग ओलं फडकं बसलं की तडकतो. मग तडकलेला आरसा अशुभ म्हणून पुन्हा फोन. लावायचाच असेल तर टफन्ड काच घ्या, मागून रंगवलेली, आणि कडेला सिलिकॉन चांगल्या माणसाकडून भरून घ्या. आम्ही हे बिलावर लिहून देतो.

आता मूळ विषय. 2009.

बाणेरच्या बाजूला एक स्कीम होती. दोन विंगा, प्रत्येकी 7 मजले, मजल्यावर 4 फ्लॅट. आर्किटेक्ट हुशार होता. ए विंगची किचन्स आग्नेयेला घेतली आणि तोच प्लॅन पूर्ण उलटा फिरवून बी विंग बसवली. उलटा फिरवला की आग्नेय जाते वायव्येला. वास्तूत आग्नेय नसेल तर दुसरी पसंती वायव्य, त्यामुळे कोणाला अडचण नव्हती. बिल्डरने दोन्ही विंगांची ऑर्डर आम्हाला दिली. आमच्यासारख्या शेडला तेवढं काम म्हणजे लग्नच. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून 710 मार्काचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, उधारीवर उचलला. मी तेव्हा नवीन सरकता पॅनल सॉ घेतला होता. काय मशीन होतं! 8 बाय 4 ची शीट नुसती टेकवायची आणि ढकलायची, कडेला एक कपचा उडत नसे. आमचा मिस्त्री त्याला रोज सकाळी हात लावून नमस्कार करायचा. ए विंग झाली. बी विंगची सगळी कारकसं, म्हणजे कपाटांचे सांगाडे, कापून, कडांना एजबँडची पट्टी लावून, मजल्यांप्रमाणे नंबर टाकून शेडमध्ये उभी होती.

आणि तिथे ते गृहस्थ अवतरले. नाव घेत नाही. एके काळी माझ्याकडेच बास्केट आणि हिंज विकायला यायचे, चहा प्यायचे, माझे भाव मापून जायचे. मध्यंतरी कुठला तरी कोर्स करून फेंगशुई सल्लागार झाले आणि बरोबर स्वतःच्या किचनची शोरूम उघडली. सल्ला फुकट, किचन विकत. बी विंगच्या बुकिंगवाल्यांची मीटिंग बोलावून त्यांनी सांगितलं की फेंगशुईत वायव्य म्हणजे आकाश, तत्त्व धातू, घरातल्या कर्त्या पुरुषाची जागा. तिथे शेगडी ठेवणं म्हणजे स्वर्गाच्या दारात आग लावणं. घरचा कर्ता वितळतो.

हा नियम त्यांनी मनाने काढलेला नाही, फेंगशुईत तो खरोखर आहे. पण तोच माणूस आदल्या वर्षी माझ्या समोर एका गिऱ्हाइकाला वास्तूप्रमाणे वायव्य उत्तम म्हणून सांगत होता. ज्या गिऱ्हाइकाला जे शास्त्र भिववेल ते काढायचं, हा त्यांचा धंदा. शिवाय दिशा मोजली कशी? अहो, मोबाइलमधलं होकायंत्र, आणि तेही कॉलमला टेकून! आरसीसीच्या कॉलममध्ये सळया असतात, सुई तिथे वेडी होते. चिनी लोकांचं लुओपान, म्हणजे फेंगशुईचं होकायंत्र, बघा, त्यात पूर्ण वर्तुळाचे 24 भाग, प्रत्येक 15 अंशांचा. इतकं बारीक मोजायचं शास्त्र आणि हे कॉलमला टेकून मोजणार. तुम्हीही लक्षात ठेवा : दिशा बघायची तर घराबाहेर मोकळ्यावर जा, गाडी, लिफ्ट, लोखंडी गेट यांपासून लांब, आणि तीन ठिकाणी मोजा. तिन्ही जुळले तरच विश्वास ठेवा.

लोक घाबरले. बिल्डरने भिंती हलवायचा प्रश्नच नव्हता, मग उपाय काय? आग आणि धातूच्या मध्ये माती घाला. आग मातीला जन्म देते, माती धातूला. माती म्हणजे पिवळा रंग, सिरॅमिक. आणि पिवळ्या शटरची किचन्स कोणाकडे तयार? बरोबर. आजही त्या बी विंगमध्ये मजल्यामागून मजले पिवळीधमक किचन्स आहेत. हळदीचे डाग दिसत नाहीत, एवढा फायदा मान्य.

आमची ऑर्डर रद्द. ए विंगचे उरलेले पैसे ‘पुढच्या महिन्यात बघू’. ते पुढच्या महिन्यात अजून बघतायत. बाजारात तेव्हा मंदीच होती, टिंबरवाल्याने उधारी बंद केली, आणि कापलेली कारकसं शेडमध्ये ओल खात उभी. पॅनल सॉ विकला. न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मिस्त्री रजेवर गेला, मी विचारलं नाही का.

शेड राहिली ती कोथरूडच्या काकूंमुळे. या काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. शनिवार पेठेतल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा जमिनीवर बसून स्वयंपाक करायची सवय. मी ओटा 34 इंच धरला होता. त्या म्हणाल्या, ‘अहो ट्रॉलीवाले, मी काय स्टुलावर उभी राहून पोळ्या लाटू?’ तेव्हापासून मी बाईचं कोपर मोजतो. हात दुमडून कोपराच्या खाली 4 इंच, तिथे ओटा. काकूंचा 31 झाला. आर्किटेक्ट काहीही म्हणो, कोपर मोजून घ्या.

तर 2009 च्या दिवाळीनंतर काकू मुलाजवळ सिंहगड रोडला राहायला निघाल्या. मला फोन. ‘ओटा राहू दे, पण तुझ्या ट्रॉल्या मी सोडणार नाही. काढ आणि तिकडे बसव.’ एव्हाना अहो जाऊन तू झालं होतं. तोवर किचन सोडून जायचं, नव्या घरी नवं करायचं, अशीच रीत होती. बहुतेकांच्या ट्रॉल्या चुका आणि फेविकॉलवर उभ्या असतात, काढायला गेलं की मोडतात. आमच्या सुरुवातीपासून स्क्रूवर. खोलल्या, जुन्या चादरीत गुंडाळल्या, नेल्या. नव्या घरी दोन उभ्या कडप्प्यांमधली फट अर्धा इंच जास्त निघाली. मिस्त्रीने प्लायची पट्टी तासून पॅकिंग दिलं. मग लेव्हल. त्याची ती पारदर्शक पाण्याची नळी, दोन्ही टोकं दोघांनी धरायची आणि आत बुडबुडा राहिला की शिव्या. आता आमच्याकडे लेसर आहे, तरी शेवटची खात्री नळीने. पाणी खोटं बोलत नाही, असं तो म्हणतो आणि ट्रॉली ढकलून दाखवतो : बोटाने ढकलली की स्वतःहून आत जाऊन थांबते, परत येत नाही.

काकूंची मुलगी सिंगापूरला असते. ती तेव्हा आली होती. तिकडे चिनी कुटुंबं नव्या घरात जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत, तांदळाचा डबा भरून नेतात आणि दारातून अननस घरंगळत सोडतात, कारण त्यांच्या बोलीत अननसाच्या नावात भरभराट ऐकू येते, असं तिने सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘आपलं दूध उतू जातं, त्यांचा अननस गडगडतो. आधी गॅस जोड.’ दूध उतू गेलं ते थेट नव्या बर्नरमध्ये. साफ मीच केला.

काकूंनी सोसायटीत सांगितलं, सोसायटीने पुढे. किचन शिफ्टिंग हाच आमचा मुख्य धंदा झाला. बी विंगची ती कारकसं कमी करून भिंतीवरची कपाटं म्हणून कुठे कुठे बसली. मधली वर्षं बरी गेली. नवा पॅनल सॉ आहे, मुलगा डिझाइन बघतो, काकूंच्या त्याच ट्रॉल्या तिसऱ्या घरात आहेत. शोरूमवाल्यांचं मोठं होर्डिंग आता बायपासला लागतं. त्यावर ‘विश्वास’ असा शब्द आहे.

जाता जाता दोन गोष्टी. स्टील घेताना ते 304 आहे का हे चुंबक लावून बघणारे बरेच येतात. 202 या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. तपासायचं द्रावण मिळतं, थेंब टाकला की 202 लालसर होतं, ते आमच्याकडे येऊन करून घ्या, पैसे नाहीत. आणि घर बदलायचं असेल तर मापं पितृपक्षात घ्यायला बोलवा. तेव्हा आपल्याकडे कोणी हलत नाही, चिनी लोकही त्यांच्या सातव्या महिन्यात हलत नाहीत, आमची माणसं मोकळी असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन करून ‘उद्या मुहूर्त आहे’ म्हणाल तर मिस्त्री येणार नाही. बिल्डर असाल तर पैसे आधी.