आधी खोली, मग स्पीकर

बाबांना सिनेमातले संवाद नीट कळेनासे झाले, म्हणून घरात चांगली साउंड सिस्टीम घ्यायचं ठरलं. टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं आणि माणसांचं बोलणं तरीही गुळमुळीतच. दुकानात गेल्यावर मी हेच सांगितलं. तिथल्या जुन्या जाणत्या गृहस्थांनी एकही मॉडेल न दाखवता उलट मलाच विचारलं: खोली किती बाय किती? सोफा भिंतीला टेकलेला आहे का? खिडकी टीव्हीच्या समोर येते की बाजूला?

टीव्हीचं लवकर उरकलं. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसावं, या हिशेबानं आमच्या पावणेनऊ फुटांना ६५ इंची बरोबर बसत होता. खिडकी समोरच असल्यामुळे जास्त उजेड देणारा एलईडी घ्या, असं ते म्हणाले. ओएलईडी या दुसऱ्या प्रकारच्या पडद्याचा गडद काळा रंग मला फार आवडला होता, पण आमच्याकडे टीव्ही दिवसाच जास्त चालतो, त्यामुळे पटलं. दुकानातला भडक 'व्हिव्हिड' मोडही त्यांनी आधी बंद केला आणि मग चित्र बघायला सांगितलं.

खरा वेळ गेला तो स्पीकरमध्ये. दोन जोड्या ऐकवण्याआधी त्यांनी मीटर लावून दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणला. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो, म्हणून ही खबरदारी. आणि वाजवलं काय, तर दणदणीत गाणं नाही, दोन माणसांचं साधं बोलणं. पहिल्या जोडीत शब्दांच्या कडा बोथट वाटत होत्या. दुसरीत 'स' आणि 'श' वेगवेगळे ऐकू आले. मला तर तिथेच निवड झाल्यासारखं वाटलं.

मी ५.१ मागायला गेलो होतो, म्हणजे समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर. सोफा भिंतीला टेकलेला, मग मागचे स्पीकर ठेवणार कुठे? त्यांनी ३.१ सुचवलं: समोर डावा, उजवा, मध्ये सेंटर आणि एक सबवूफर. सिनेमाचे संवाद बहुतांशी सेंटरमधूनच येतात आणि रिसीव्हरवर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्रावर, त्याची पातळी वेगळी वाढवता येते. बाबांना हवं होतं ते नेमकं हेच. मोठी विक्री सोडून गिऱ्हाइकाच्या गरजेचं सांगणारा माणूस भेटणं, याचं मला फार मोल वाटतं. रिसीव्हर मात्र त्यांनी ५.१ चालवणाराच दिला, पुढे वाढवता यावं म्हणून.

सबवूफर कुठे ठेवायचा याचीही युक्ती त्यांनीच सांगितली. तो आधी सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, एखादी खर्जातली धून लावायची आणि खोलीच्या कडेकडेनं रांगत ऐकत जायचं. कोपऱ्यात खर्ज नुसता घुमत होता. टीव्हीच्या डावीकडे, भिंतीपासून थोडं पुढे तो सगळ्यात स्वच्छ आला. सबवूफर तिथेच ठेवला आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर लावला.

सध्या सेंटर ३ डेसिबलनं चढवून ठेवलाय आणि बाबा सबटायटल न लावता सिनेमा बघतात. मागचे दोन स्पीकर सोफा पुढे ओढायला जागा झाली की घेऊ.