माळ्यावरचा व्हिडिओ गेम आणि त्याचा खरा आवाज

गणपतीला मालवणच्या घरी माळा झाडताना माझा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. जपानी निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची नक्कल. खाऱ्या हवेने गेमच्या कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. तो चालेपर्यंत धीर निघेना, म्हणून त्या कॅसेटमधल्या गेमची मूळ फॅमिकॉमवरची गाणी फोनवर लावली. चाल तीच, पण खटकलं. फोनवर मुख्य सूर गोल, पोकळ; माझ्या कानात बसलेला सनईसारखा धारदार.

मग ऐकायलाच शिकलो. १९८३च्या फॅमिकॉमच्या चिपमध्ये पाच आवाज: दोन पल्स (चौकोनी लाटेचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लाटेचा), एक नॉइज (खरखरीचा) आणि एक रेकॉर्ड केलेले छोटे नमुने वाजवणारा. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बाकीचे बंद करून एकेकच ऐकता येतो. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, मी बुवांचं गाणं सोडून नुसत्या पखवाजाकडे कान लावायचो, तसंच हे. ट्रँगलला आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही, तरी सगळा खर्ज तोच पेलतो. आणि जो थरथरणारा एकच सूर वाटायचा, ते निघाले तीन सूर! एकाच पल्सवर इतक्या झरझर फिरवलेले की कानाला एकत्र वाजल्यासारखे वाटतात. उडी मारली की गाण्यातला एक सूर का गळायचा, तेही उमगलं: उडीचा आवाज तेवढ्यापुरता त्याची जागा घेतो. इतक्या कमी सामानात एवढं गाणं बसवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

खटकण्याचं कारणही इथेच होतं. पल्सची लाट किती वेळ वर राहते त्यावर सुराचा पोत ठरतो: ५० टक्के वेळ राहिली तर गोल, पोकळ; २५ टक्के राहिली तर धारदार. बऱ्याच नकली चिपांत २५ आणि ५० टक्क्यांची अदलाबदल झालेली असते. म्हणजे माझी आठवण चुकली नव्हती, आमच्या घरी गाणं तसंच वाजत होतं.

खात्री करायचीच होती. खोडरबराने पट्ट्या घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कॅसेट चार-पाचदा काढून घातली. त्यात दोनदा लाईट गेली. संध्याकाळी जुन्या टीव्हीवर एकदाची सुरू झाली आणि पहिल्याच सुराला तोच धारदारपणा. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आता कसां बरोबर वाजता!"

तेवढं रेकॉर्ड करून ठेवलंय. अजून तीन कॅसेट बाकी आहेत, त्यातल्या एकीच्या पट्ट्या गंजाने पार खाल्ल्यात.