चप्पल पायातून सुटते, ती तारीख लिहून ठेवा

सीआयडीपी या नसांच्या जुनाट आजाराचं निदान व्हायला मला पाच महिने लागले. त्यातले तीन तरी मी नुसतं 'पायाला मुंग्या येतात' एवढंच सांगत राहिल्यामुळे गेले. मुंग्या म्हटलं की शुगर आणि बी-१२ बघतात. ते चूक नाही. पण शुगरच्या त्रासात बहुधा आधी तळवे बधिर होतात, ताकद उशिरा जाते. सीआयडीपीत नसांवरचं वेष्टण खराब होतं आणि मांड्या-खांद्यांची ताकदही जाते, दोन्ही बाजूंची जवळपास सारखीच. चप्पल सुटलेली कळत नाही. खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. बसची पायरी चढायला दांडा ओढावा लागतो. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो.

हे सगळं कॅलेंडरवर तारखेसकट लिहा. गिया-बारे हा असाच, पण झपाट्याने वाढणारा नसांचा आजार चार आठवड्यांत टोकाला जातो. सीआयडीपी आठ आठवड्यांनंतरही वाढतच असतो. बेळगावात तपासताना कन्नडमधून 'जोमु' आहे का विचारलं, तर ते मुंग्यांबद्दल असतं. नुसतं हो म्हणून थांबू नका, 'शक्ती इल्ला' हे वेगळं सांगा.

गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडत नसेल तर नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, करतात. हात आणि पाय, दोन्हींचं करून घ्या. त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम नको. आणि हात गरम हवेत: कातडी ३२ अंशांखाली गेली की धडधाकट नसही संथ दिसते. डिसेंबरात सकाळी खानापूरहून मोटारसायकलवर गेलात तर आधी हात शेका. कोपराजवळची नस जाड लागली तर कुष्ठरोग तपासायलाच हवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाठीच्या मणक्यातून सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी जवळपास नेहमीएवढ्याच, हे या आजाराकडे बोट दाखवतं.

यावर आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज, शिरेतून देतात. त्याचा पहिला डोस किलोमागे २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. ६० किलोंना १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. खर्च त्यावरून आधीच विचारा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघतात. सलाईन सुरुवातीला अगदी हळू सोडतात. घाई केली की डोकं ठणकतं. बाटल्यांचे बॅच नंबर फाइलमध्ये चिकटवून घ्या.

गुण काही आठवड्यांत ओसरू लागतो. चप्पल पुन्हा सुटली, ती तारीख डॉक्टरांना दाखवा. पुढच्या डोसमधलं अंतर त्यावरून ठरवतात.