हे तर सुरूच आहे

माझी नवी गोष्ट वाचून मैत्रिणीने कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "यात भविष्य कुठंय? हे तर सुरूच आहे."

गोष्ट २०३५ सालची. वारलेल्या आईच्या आवाजात मुलाला रोज फोन येतो. मैत्रिणीचं खरंच आहे म्हणा. अवघ्या ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं एआय मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्येच मांडलं होतं. तरी दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

यंत्राचं नवल मला सांगायचंच नाहीये. मला तो मुलगा लिहायचाय, जो फोन ठेवण्याआधी सवयीने विचारतो, "गोळ्या घेतल्यास का गं?" आणि पलीकडून उत्तर येतं, "घेतल्या रे." ती गेली आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी त्या उत्तराने त्याला बरं वाटतं. तिथे माझा हात अजून थांबतो.

अमेरिकन विज्ञानकथा लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची १९९३ ची एक कादंबरी २०२४ मध्ये सुरू होते. तिथे पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय. ते साल येऊन गेलं, पण त्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीची भीती आजही तितकीच अंगावर येते.

मग मी २०३५ खोडून टाकू का? अशा गोष्टी वाचताना तुम्ही साल बघता?