वॉटर्लूचा तोल

वॉरगेममध्ये, म्हणजे लढाईच्या खेळात, वॉटर्लूचा सिनॅरिओ (खेळायचा प्रसंग) दोन्ही बाजूंना समतोल करायचा तर सैन्याच्या आकड्यांना हात लावू नका, विजयाच्या अटी बदला. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनकडे सुमारे ७२ हजार माणसं होती, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनकडे ६८ हजार. पारडं फिरतं ते दुपारी साडेचारच्या सुमारास वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन लढाईत उतरल्यावर. सुरुवात साडेअकराला आणि टर्न (खेळातली एक फेरी) अर्ध्या तासाची धरली, तर ही अकरावी टर्न. ती पक्की ठेवलीत की सराईत खेळाडू प्रशियन जिथे येतात त्या प्लान्सन्वा गावाकडे आधीच तोफा वळवून बसतो, कारण त्याला नेमकी वेळ ठाऊक असते, नेपोलियनला ती नव्हती! म्हणून दहा ते तेरामध्ये रँडम ठेवा. फ्रेंचांना ला हे सेंत ही वेलिंग्टनच्या फळीपुढची शेतवाडी आणि तिच्यामागची टेकडी सोळाव्या टर्नपर्यंत घेतली की विजय द्या. तरीही ते हरतच राहिले, तर तुकड्या नाही, एक टर्न वाढवा. चाचणी मात्र दोन माणसांनी बाजू बदलून खेळावी. संगणकाविरुद्धचे निकाल फसवतात.